एकसष्ट भोकं

चैत्रातल्या उत्सवाच्या नाटकाला यंदा पेटीऐवजी कीबोर्ड घ्यायचा, असं मंडळाच्या सभेत ठरलं, आणि ठरत होतं तेव्हा सदाभाऊ चोगले तिथेच पहिल्या रांगेत बसले होते. ही त्यातली सगळ्यात वाईट गोष्ट. माणूस गैरहजर असताना त्याची जागा काढून घेतली तर निदान नंतर येऊन भांडता तरी येतं. समोरासमोर काढून घेतली की हसावं लागतं, आणि सदाभाऊ हसले. एवढंच नव्हे, ठरावाला अनुमोदक मिळत नव्हता म्हणून त्यांनी स्वतःचं नाव दिलं. चौतीस वर्षं पंचायत समितीत कारकुनी केलेल्या माणसाला अपुरा ठराव बघवत नाही.

रेवदंड्याच्या खाडीकाठच्या त्या कोळीवाड्यात दरवर्षी एकच संगीत नाटक होतं. त्यातला राजा, राणी, साधू, सगळे गावाला पाठ आहेत. साधू चुकला तर प्रेक्षकांतून दुरुस्ती येते. आणि तीस वर्षं रंगमंचाच्या डाव्या अंगाला, पडद्याच्या दोरीजवळ, सदाभाऊ पेटी घेऊन बसत आले होते. त्या जागेवरून नाटक अर्धंच दिसतं, पण ती जागा सगळ्या गावाला दिसते. आता तिथे चिराग बसणार होता. चिराग हा लग्नकार्यात ऑर्केस्ट्रा वाजवणारा तिशीतला गुणी माणूस. त्याच्या कीबोर्डात तबला होता, ढोलकी होती, बासरी होती, आणि कुणी मागितलाच तर समुद्राचा आवाजही होता. कोळीवाड्यात समुद्राचा आवाज यंत्रातून कशाला हवा, हा प्रश्न सदाभाऊंच्या अगदी ओठांवर आला होता, पण तोवर टाळ्या झाल्या.

"सदाकाका, तुमी आता आराम करा," मंडळाचा अध्यक्ष अल्पेश म्हणाला. अल्पेशच्या दोन मोठ्या बोटी आहेत आणि त्याचा स्वभाव प्रेमळ आहे. "पुडच्या खुर्चीवर बसून मस्त नाटक बघा."

पुढची खुर्ची गावात दोघांनाच मिळते. एक आमदारांना, आणि दुसरी ज्याचं आता काही खरं नाही त्याला. सदाभाऊ उठून उभे राहिले आणि त्यांच्या तोंडून निघून गेलं, "ऑर्गन असेल तर?"

ऑर्गन म्हणजे काय ते सभेत बऱ्याच जणांना ठाऊक नव्हतं. सदाभाऊंनी समजावून सांगितलं. ऑर्गन म्हणजे पेटीची थोरली बहीण. कपाटाएवढी असते. खुर्चीत बसून पायांनी भाता हलवायचा, म्हणजे दोन्ही हात वाजवायला मोकळे. जुन्या संगीत नाटकांत यालाच मान असे. पेटी ही पुढे गरिबीमुळे आली. हे ऐकून मागे भिंतीला टेकून बसलेल्या तुळशीराम तांडेलांनी मान वर केली. तुळशीराम सत्तरीचे, आयुष्य समुद्रावर गेलेलं, आणि नाटकात गेली तीस वर्षं तेच राजा. ते एवढंच म्हणाले, "मी ल्हान असताना आयकला हाय. आवाज मोठा."

"मंग आना," अल्पेश म्हणाला. त्याला सभा आटपायची होती. "तीन आठवड्यांनी आयतवारी चार वाजता तालीम हाय. चिराग वाजवंल, तुमी बी वाजवा. ज्याचा वाजंल तो बसंल."

सदाभाऊ घरी आले तेव्हा त्यांच्याकडे ऑर्गन नव्हता, आणि आयुष्यात तो त्यांनी कधी वाजवलाही नव्हता. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. पण दोन वर्षांपूर्वी हरिहरेश्वरला दर्शनाला गेले असताना ते ज्या घरगुती निवासात उतरले होते तिथे एक ऑर्गन होता, हे त्यांना पक्कं आठवत होतं. त्याच्यावर लोणच्याच्या बरण्या ठेवलेल्या होत्या. त्यांनी मालकीणबाईंना, सत्यवतीबाईंना, फोन लावला.

"न्या हो, आनंदाने न्या," सत्यवतीबाई म्हणाल्या. "आमच्या सासऱ्यांचा. पण उद्याच्या उद्या न्या. परवा त्या जागेवर फ्रीझर येतोय."

दुसऱ्या दिवशी सकाळी सदाभाऊंनी हरिहरेश्वरच्या त्या पडवीत बरण्या उतरवल्या, झाकण उघडलं आणि पाय हलवले. चार पट्ट्या मुक्या होत्या, पण बाकीच्यांतून जो आवाज निघाला त्याने नाश्त्याला बसलेल्या पर्यटकांनी पोह्यांचे घास हातातच धरले. सदाभाऊंच्या डोळ्यांत पाणी आलं. धुळीने आलं असं त्यांनी सत्यवतीबाईंना सांगितलं. खरं म्हणजे त्यांना त्या क्षणी पडद्याची दोरी दिसली, डावं अंग दिसलं आणि पुढच्या खुर्चीत बसलेला चिराग दिसला.

टेम्पोवाल्याला परत श्रीवर्धनला भाडं होतं. त्याने ऑर्गन दिघीच्या धक्क्यावर उतरवला, नमस्कार केला आणि तो गेला. आता फेरीबोटीने खाडी ओलांडायची, आगरदांड्याला उतरायचं आणि तिथून दुसरी गाडी बघायची, असा सदाभाऊंचा बेत होता. ऑर्गनला खाली चार छोटी चाकं होती, त्यामुळे तो ढकलत नेता येत होता. ही सोय आहे असं त्यांना वाटलं.

"काय आहे हे?" तिकिटाच्या खिडकीतल्या तरुणाने विचारलं.

"ऑर्गन."

त्याने दरफलक वरून खाली वाचला. पायी प्रवासी, दुचाकी, तीनचाकी, चारचाकी, टेम्पो, बस. "ऑर्गन नाहीये यात. चाकं किती?"

सदाभाऊ आयुष्यभर खरं बोलत आले होते. "चार," ते म्हणाले.

"मग चारचाकी. गाडीचा नंबर सांगा."

सदाभाऊंनी सांगितलं की ही चाकं सुपारीएवढी आहेत आणि खोलीतल्या खोलीत सरकवण्यापुरती आहेत. त्यावर तो तरुण अतिशय नम्रपणे म्हणाला, "चाकाचा आकार फलकावर दिलेला नाही, काका." हे उत्तर सदाभाऊंना मनातून आवडलं. त्याच्या जागी ते असते तर त्यांनीही हेच दिलं असतं. पण ऑर्गनला नंबर नव्हता, आणि चालकाचा परवाना मागितल्यावर तर बोलणंच खुंटलं. मागे रांग लागली. रांगेतल्या लोकांनी सल्ले द्यायला सुरुवात केली. एक म्हणाला चाकं काढून टाका, एक म्हणाला कपाट म्हणून सांगा, आणि एक बाई म्हणाल्या की आजारी माणूस नेतोय म्हणा, त्याला कोणी अडवत नाही. शेवटी आतून एक वयस्क कर्मचारी चहाचा कप घेऊन बाहेर आले. त्यांनी ऑर्गनभोवती एक फेरी मारली.

"वाजतं का?"

"वाजतं."

"मग सोपं आहे. बँडवाल्यांचं सामान आपण प्रवाशाबरोबरच सोडतो. तुम्ही बँडवाले आहात असं लिहून द्या."

चौतीस वर्षं सदाभाऊंनी दुसऱ्यांची स्वयंघोषणापत्रं तपासली होती. तारीख नसलेली परत केली होती, सही तिरकी असेल तरी परत केली होती. त्या दिवशी त्यांनी रांगेतल्या एका गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवून आपल्या सुवाच्य अक्षरात लिहिलं: 'मी, सदानंद हरी चोगले, सेवानिवृत्त, लग्नाच्या बँडमध्ये वाजवतो.' खाली तारीख घातली. कागद फाईलला लागला आणि ऑर्गन बोटीवर चढला. पाणी ओलांडेपर्यंत एका गृहस्थांनी त्यांना दोनदा विचारलं की मे महिन्यात वीस तारखेला रिकामे आहात का, आणि घोड्याची सोय तुमच्याकडेच आहे की वेगळी बघायची.

आगरदांड्याला गाडी मिळाली ती मासळीची. माल पोचवून रेवदंड्याला परत निघालेली, तळाशी वितळलेल्या बर्फाचं चार बोटं पाणी. सदाभाऊंनी ऑर्गनखाली दोन रिकामे क्रेट घातले, पण मुरूडनंतरच्या वळणांवर क्रेट एकीकडे गेले आणि ऑर्गन दुसरीकडे. घरी पोचला तेव्हा तो खालून गुडघाभर भिजलेला होता. सदाभाऊंनी ओटीवरच पाय हलवून बघितले. हवा भात्याच्या उसवलेल्या कोपऱ्यातून फुस्स करून आत आली आणि पट्ट्यांतून कण्हल्यासारखा काहीतरी आवाज झाला.

त्यांची बायको केसर दारात उभी राहून बघत होती. "त्यांचा फ्रीझर चालू हाय ना?" तिने विचारलं. "मंग तो आनायचा. यो कनाला आनला?"

वास्तविक रोग छोटा होता. भात्याचं कापड एका कोपऱ्यात सुटलं होतं, ते चिकटवलं असतं तर काम भागलं असतं. सदाभाऊंनी मिरजेकडच्या एका जाणकार कारागिरांना फोन केला. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि सांगितलं, "सावलीत वाळू द्या, कशालाही हात लावू नका, मी दीड महिन्याने येतो." दीड महिन्याने उत्सव होऊन गेला असता. तालमीला अठरा दिवस उरले होते. आणि कशालाही हात लावू नका हा सल्ला आपल्याकडे आजवर कोणी पाळलेला नाही.

शेजारच्या आवडाबाईंचं आयुष्य मासळी वाळवण्यात गेलं. ओली वस्तू म्हटली की त्यांच्या हाताला चैन पडत नाही. "सावलीत? सावलीत बुरशी धरंल," त्या म्हणाल्या. "उन्हात टाका चार दिस. बोंबील येवढा मऊ, त्यो बी कडक व्हतो." त्यांच्या अधिकारापुढे काही बोलता येण्यासारखं नव्हतं. ऑर्गन वाळवणाच्या मैदानात, बोंबलांच्या काठ्या आणि जवळ्याच्या चटया यांच्या मधोमध ठेवला गेला. कावळ्यांसाठी आवडाबाईंनी त्याच्यावर जुनं जाळं टाकलं. येणारेजाणारे थांबून चौकशी करत, आणि कोणी म्हणे भाता बदला, कोणी म्हणे तेल द्या, आणि ज्याने ऑर्गन जन्मात पाहिला नव्हता तो सर्वांत ठामपणे म्हणे की याला आतून वाळवी आहे. चार दिवसांनी ऑर्गन खरोखरच कडक झाला. लाकडाला अशा भेगा गेल्या की एका बाजूने बघितलं तर दुसऱ्या बाजूचा समुद्र दिसत होता.

या वेळी मोरू आला. मोरू होड्यांचा सुतार. खाडीच्या त्या पट्ट्यात मोरूने हात लावलेली होडी पाणी घेत नाही, अशी त्याची ख्याती आहे आणि ती खरी आहे. त्याने ऑर्गनच्या भेगांत नखं घालून बघितली, बोटाच्या पेराने लाकडावर ठोकलं, भात्याला नाक लावलं.

"लाकूड हाय, फट हाय, आनि वारा नको तिथून जातंय," तो म्हणाला. "म्हंजे होडीच हाय ही. धा दिवस द्या मना. पन मधी कोनी बघायला यायचा न्हाय. होडी अर्धी असताना मानूस आला की नजर लागते."

सदाभाऊंनी हो म्हटलं. यात त्यांचा दोष आहे असं नंतर केसरने अनेकदा सांगितलं, आणि तो आहेच. पण दहाचे चौदा दिवस झाले तरी त्यांनीही रोज सकाळी किनाऱ्यावर जाऊन लांबून मोरूची ठोकाठोक ऐकली होती. ती इतकी एकाग्र आणि आत्मविश्वासाची होती की कुणालाही भरवसा वाटला असता. शिवाय रात्री झोप येईना झाली होती. डोळे मिटले की चिराग डाव्या अंगाला बसलेला दिसे.

ऑर्गन परत आला तो नेमका तालमीच्या रविवारी, सकाळी दहा वाजता. मोरूने चौघांच्या खांद्यावरून तो वाजत-गाजत आणला, म्हणजे चौघे 'हेश्शा' म्हणत होते, ऑर्गन गप्प होता. दिसायला तो अतिशय देखणा झाला होता. बाहेरून-आतून माशाचं तेल दिलेलं, लाकूड तुकतुकीत, भेग म्हणून औषधाला शिल्लक नाही. मागोमाग सात-आठ मांजरं आली आणि ओटीवर शिस्तीत बसली.

सदाभाऊ खुर्चीत बसले, पाय ठेवले आणि दाबले. पायाखालच्या फळ्या एकदा खाली गेल्या आणि तिथेच राहिल्या. त्यांनी पट्ट्या दाबल्या. सगळ्या दाबल्या. काही नाही.

"एकसष्ट भोकां व्हती आत," मोरू कौतुकाने म्हणाला. "रांगेनं. अशी होडी मी बघितली न्हाय, सदाकाका. येकेकाच्या आत बारीक पितळी जिभली. मी येकेकात कापूस ठोकला, वरून राळ वतली. येक भोक ठेवला न्हाय. वरून धा बादल्या पानी मारून बघितला. आत थेंब न्हाय. भरतीला टाका, तरंगंल."

"मोरू," सदाभाऊ म्हणाले, "त्या भोकांतून हवा आत यायला पाहिजे. तरच ती जिभली वाजणार."

मोरूने यावर खरोखर विचार केला. "हवा आत आली," तो म्हणाला, "तं पानी बी येनार ना?"

तीन पिढ्या ज्या घरात भोक म्हणजे मरण, त्या घरातल्या माणसाला एकसष्ट भोकं सोडून द्यायला सांगणंच चूक होतं. सदाभाऊ रागावलेसुद्धा नाहीत. ते ओटीच्या पायरीवर मांजरांच्या शेजारी जाऊन बसले आणि म्हणाले, "केसर, अल्पेशला निरोप पाठव. मी पुढच्या खुर्चीवर बसतो म्हणावं."

केसर त्यांच्याकडे बघत राहिली. ऑर्गन घरात आल्यापासून तिने त्याला एकही चांगला शब्द दिला नव्हता. पण नवऱ्याला पायरीवर असं बसलेलं तिने यापूर्वी एकदाच पाहिलं होतं, निवृत्तीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी. ती आत गेली आणि जाळं विणायची बारीक सुई घेऊन आली.

"चार वाजंपरेंत वेळ हाय," ती म्हणाली. "कंचा भोक आदी खोलू?"

एकसष्टांतून एक निवडायचं. राळ दगडासारखी झाली होती, आणि खालची पितळी जिभली कागदाएवढी पातळ. जोर लागला की गेली. सदाभाऊंनी मधल्या सप्तकातली दुसरी काळी पट्टी, म्हणजे काळी दोन, दाखवली. नाटकातला राजा पहिलं पद त्याच सुरात गातो, म्हणजे निदान सुरुवात तरी होईल. केसर खेकड्याच्या नांगीतलं मांस काढावं तशी राळ कणाकणाने काढत होती. आवडाबाई दिवा धरून उभ्या. मोरूला फार अपराधी वाटत होतं, म्हणून त्याने शेजारचं भोक आपल्या पटाशीने उघडायला घेतलं आणि अर्ध्या तासात त्यातली जिभली तोडली. त्यानंतर त्याला मांजरं हाकायचं काम दिलं. साडेतीन वाजता केसरच्या भोकातून कापसाचा शेवटचा बोळा निघाला. सदाभाऊंनी पाय दाबले. फळ्या हलल्या. आणि काळी दोनमधून एक जाड, भरलेला, सरळ सूर निघाला आणि घरभर उभा राहिला.

एक सूर. साठ मुके.

समाजमंदिरात सगळं मंडळ जमलं होतं. आधी चिराग वाजवायला बसला. तो चांगलं वाजवतो यात काही शंका नव्हती, आणि सदाभाऊंनाही नव्हती, हेच त्यांना टोचत होतं. कीबोर्डातला तबला सुरू झाला आणि तुळशीरामांनी राजाचं पहिलं पद घेतलं. दुसऱ्या ओळीला म्हातारा श्वासाला थांबला. तबला थांबला नाही. तुळशीराम घाईने मागून गेले, पुढची ओळ अर्धी गिळली, पुन्हा थांबले, पुन्हा तबला पुढे. चिरागने लय कमी केली. आता तबला सावकाश पुढे जाऊ लागला, पण थांबेना. तिसऱ्या कडव्याला तुळशीराम गप्पच झाले.

"यो थांबत न्हाय रं," ते म्हणाले.

सदाभाऊ उठले. चौघांनी ऑर्गन मध्यभागी आणून ठेवला, मांजरं दारात थांबली. सदाभाऊंनी पंचायत समितीच्या आवाजात निवेदन केलं, "तांत्रिक कारणास्तव आज एकच सूर उपलब्ध आहे." लोक हसले. कोणीतरी मागून म्हणालं, एका सुरात कंचा नाटक व्हतो? सदाभाऊंचे कान लाल झाले. पण पाय आधीच हलायला लागले होते.

सूर निघाला. दुसरं काही करता येत नसल्यामुळे त्यांनी तो धरून ठेवला. हात रिकामे होते, बोटं नुसती वळवळत होती, पण वाजवायला जागाच नव्हती. तुळशीरामांनी डोळे मिटले आणि पद घेतलं. श्वासाला थांबले. सूर थांबला. म्हणजे तो चालूच होता, पण त्यांची वाट बघत होता. ते पुन्हा आले तेव्हा जिथे सोडला होता तिथेच होता. म्हाताऱ्याचा आवाज मोकळा झाला. बोट लाटेवर चढल्यावर सुकाणू धरून हाक मारतात ना, तसा आवाज त्यांनी काढला. दुसऱ्या कडव्याला चिरागने आपला तबला बंद केला आणि नुसती बासरी हलकेच मागून घातली. पद संपलं तेव्हा कोणी हसलं नाही.

"तुमी दोगं बी बसा," अल्पेश म्हणाला. त्याचे डोळे पाणावले होते आणि तो बर्फाच्या भावाबद्दल कोणालातरी काहीतरी विचारत होता. "चिराग उजवीकडं. सदाकाका, तुमी तुमच्या जागेवर."

त्या रात्री सदाभाऊ गाढ झोपले. यंत्र थांबत नाही, माणूस थांबतो, हे त्यांनी दोन दिवसांत गावात किमान पंधरा जणांना सांगितलं. फेरीबोटीवरच्या घोषणापत्राची गोष्टही आता ते हसत हसत सांगू लागले. उत्सवाला तेरा दिवस होते. केसर रोज दोन भोकं उघडीन म्हणत होती. सगळी नाही तरी वीस-पंचवीस पट्ट्या सहज होतील, आणि तेवढ्यांत सदाभाऊ सगळ्या ताना घेऊ शकत होते. ही आनंदाची बातमी द्यायला ते मंगळवारी सकाळी किनाऱ्यावर तुळशीरामांकडे गेले. तुळशीराम उलट्या होडीला टेकून जाळं सांधत होते.

बातमी ऐकून तुळशीरामांनी जाळं खाली ठेवलं.

"सदा," ते म्हणाले, "खरा बोलू? राग न्हाय ना धरनार?"

"बोला की."

"खोलू नको."

"म्हणजे?"

"बाकीची भोकां. खोलू नको. तीस वर्सां तू वाजवतंस आनि मी तुज्या मागून पलतंय. मी श्वास घ्यायला थांबलो का तू त्यात तान भरतंस. मी सूर शोदतंय, तं तुजी दाहा बोटां दाहा बाजूला. लोकां टाल्या वाजवतान, मना वाटतंय बरा वाजवत आसंल पोरगा, कनाला बोला." म्हाताऱ्याने जाळ्याचं टोक पायाच्या अंगठ्यात धरलं. "परवा पयल्यांदा मना माजा सूर आयकू आयला. मी घरी जाऊन बायकोला सांगितला. ही आता शेवटची येक-दोन वर्सां हायत मना. तेवडी त्या येका सुरात जाऊ दे."

सदाभाऊंना वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. परत येताना त्यांना वाटेत कोणी हाक मारली तीही ऐकू आली नाही. तीस वर्षांच्या ताना त्यांनी मनात एकेक करून तपासल्या, आणि प्रत्येक तानेच्या खाली त्यांना तुळशीरामांचा अर्धवट राहिलेला श्वास दिसायला लागला. सगळ्यात अवघड म्हणजे त्यात चूक काढता येत नव्हती.

घरी केसर ऑर्गनपाशी बसली होती. दुसरं भोक निम्मं उघडलं होतं.

"थांब," सदाभाऊ म्हणाले. "राहू दे ते."

"का? काय झाला?"

त्यांनी तुळशीराम काय म्हणाले ते सगळं सांगितलं, एकही शब्द न गाळता, कार्यवृत्त वाचावं तसं. केसरने ऐकून घेतलं. ती आश्चर्य वगैरे काही व्यक्त न करता सुई पदराला पुसत राहिली, आणि हे तिला तीस वर्षांपासून ठाऊक असावं असा सदाभाऊंना दाट संशय आला. पण त्यांनी तो बोलून दाखवला नाही.

"मंग आता काय करनार?" तिने विचारलं.

सदाभाऊंनी निम्म्या उघडलेल्या भोकात कापूस परत दाबून बसवला. मग खुर्ची ओढली, चष्मा पुसून डोळ्यांवर ठेवला, डावा हात मांडीवर ठेवला आणि उजव्या हाताचं एक बोट काळी दोनवर टेकवलं. आणि त्या दिवसापासून उत्सवापर्यंत ते रोज सकाळी एक तास त्या एका सुराचा रियाज करत बसले.